ची-चीज खरंच कांद्याच्या पातीने बुडवली का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या किराणा दुकानात ‘ची-चीज’ नावाचा साल्सा, म्हणजे टोमॅटोची तिखट चटणी, सहज मिळतो, मग त्या नावाची रेस्टॉरंट्स गेली कुठे? दोनशे शाखांची टेक्स-मेक्स (टेक्सासच्या धाटणीचं मेक्सिकन खाणं) साखळी एका पातीच्या कांद्यामुळे बंद पडली असं जो तो सांगतो, ते खरं का?

अर्धंच खरं. पातीमुळे शेकडो लोक आजारी पडले, काही दगावले, याबद्दल वाद नाही. पण साखळी त्यामुळे मेली हे मला पटत नाही. तारखा ओळीने लावून बघा. ची-चीजने दिवाळखोरीचा अर्ज आधी केला आणि पातीतून पसरलेली काविळीची साथ नंतर उघडकीला आली. मी या धंद्यात बरीच वर्षं काढली, आधी किचनमध्ये आणि मग शाखांच्या हिशेबाच्या बाजूला. त्यामुळे ही गोष्ट मी हिशेबाच्या वहीतून सांगणार आहे. कर्जाने आणि मालक बदलून बदलून पोकळ झालेल्या साखळीला पडायला कुठलाही धक्का पुरला असता. तो पातीचा निघाला.

सुरुवात 1975 ची. जागा रिचफील्ड, मिनेसोटा. मिनिआपोलिसला खेटून असलेलं उपनगर. मालक दोघे, मार्नो मॅकडरमॉट आणि मॅक्स मॅकगी. मॅकडरमॉट नवखे नव्हते. त्यांनी आधी ‘झापाटा’ नावाची झटपट टाको विकणारी साखळी काढली होती. ती ह्यूब्लाइन या बड्या कंपनीने घेतली आणि तिचं नाव ‘झँटिगो’ झालं. म्हणजे मेक्सिकन धाटणीचं खाणं उत्तरेतल्या गोऱ्या गिऱ्हाइकाला विकता येतं, हे त्यांनी एकदा करून पाहिलेलं होतं. मॅकगी अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू, विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे पॅकर्स संघाचे. 1967 मधल्या पहिल्या सुपर बोलमधला, म्हणजे त्या खेळाच्या अंतिम सामन्यातला, पहिला टचडाउन (गोलसारखा गुण) त्यांचा. गंमत म्हणजे त्या दिवशी आपल्याला खेळायला मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं, म्हणून आदल्या रात्री ते बाहेर मजा करून आले होते. विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या पट्ट्यात असा माणूस भागीदार असला की पहिल्या वर्षीच्या जाहिरातीचा निम्मा खर्च वाचतो.

टेक्स-मेक्सचं रेस्टॉरंट टेक्सासपासून इतक्या लांब, बर्फाच्या मुलखात का? स्पर्धा नव्हती म्हणून. सॅन अँटोनियो किंवा डॅलसमध्ये एंचिलाडा विकायची तर तिथल्या गिऱ्हाइकाच्या आजीपासून सगळ्यांना चव माहीत. मिनेसोटात सेंट पॉलच्या वेस्ट साइडला बीटच्या शेतांवर राबायला आलेल्या मेक्सिकन कुटुंबांची जुनी वस्ती होती. पण उपनगरातल्या जर्मन आणि स्कँडिनेव्हियन वंशाच्या घरांत मिरीच्या पुढचा तिखटपणा क्वचितच पोहोचला होता. तिथे पिवळं चीज भरपूर, तिखट बेताचं आणि प्लेट भलीमोठी, असं खाणं नेलं तर लोकांना परदेशी गेल्याचा आनंद मिळतो आणि पोटही बिघडत नाही.

टेक्स-मेक्स म्हणजे ‘बिघडवलेलं मेक्सिकन’ असं तुच्छतेने म्हणणारे बरेच भेटतात. मला ते मान्य नाही. टेक्सासमधल्या मेक्सिकन घरांनी हाताशी असलेल्या मालातून उभं केलेलं ते स्वतंत्र खाणं आहे: गव्हाची टॉर्टिया (पातळ पोळी), गोमांसाचा खिमा, पिवळं चेडर आणि सढळ हाताने जिरं. मेक्सिकोच्या आतल्या भागात जिऱ्याचा हात इतका सैल नसतो. आपल्याकडून गेलेल्या लोकांना टेक्स-मेक्स चटकन आपलंसं वाटतं त्यात या जिऱ्याचा वाटा मोठा आहे. (शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. जुन्या पद्धतीच्या रिफ्राइड बीन्समध्ये, म्हणजे ठेचून परतलेल्या घेवड्यात, डुकराची चरबी असते. विचारून घ्यावं.) ची-चीजचं खाणं मात्र अस्सल टेक्सासचंही नव्हतं. चिमिचांगा ही तळलेली बरीटो (सारण भरून गुंडाळलेली टॉर्टिया) अ‍ॅरिझोनाकडची. तळलेलं आइस्क्रीम हे त्यांचं सगळ्यात लाडकं गोड, आणि त्याचा मेक्सिकोशी संबंध लावायचा तर बरीच ओढाताण करावी लागते. ताटात मक्याचा गोडसर, ओलसर केकचा गोळा यायचा. लोक आजही त्याच्या पाककृती शोधतात. उत्तरेतल्या पट्ट्यासाठी घडवलेला तो मेनू होता आणि त्या कामाला तो उत्तम होता.

आता पैसा, कारण ही साखळी इतक्या झपाट्याने का वाढली याचं उत्तर तिथे आहे.

रेस्टॉरंटच्या धंद्यात दोन आकडे रोज बघायचे असतात: मालाचा खर्च आणि पगाराचा खर्च. दोन्ही मिळून विक्रीच्या साधारण 60 ते 65 टक्क्यांत राहिले तर भाडं, वीज, जाहिरात आणि हप्ते भरून काहीतरी हाती लागतं. स्टेकहाउसला मालाचा खर्चच जड असतो, कारण मांसाचा भाव तुमच्या हातात नाही. टेक्स-मेक्समध्ये ताटाचा मोठा भाग मका, तांदूळ आणि घेवडा यांनी भरतो. मांस थोडं, तेही खिमा किंवा फाडलेलं चिकन, वर सॉस आणि चीज. ताट भरलेलं दिसतं, गिऱ्हाईक तृप्त होतं, मालाचा खर्च स्टेकवाल्याच्या कितीतरी खाली. शिवाय एंचिलाडा, टाको, बरीटो, टोस्टाडा ही नावं वेगळी, पण किचनमध्ये त्याच सात-आठ गोष्टी वेगवेगळ्या क्रमाने गुंडाळलेल्या असतात. मेनू लांबलचक, कोठीत माल मोजका. व्यवस्थापकाला याहून सुखाची रचना मिळणं कठीण.

दुसरा पाय मार्गारिटाचा, म्हणजे टकीला आणि लिंबाच्या कॉकटेलचा. 1971 मध्ये डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात बदल करून बर्फाळ मार्गारिटा सतत तयार ठेवणारं यंत्र बनवलं. ते मूळ यंत्र आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तो मान मला योग्यच वाटतो. त्याआधी प्रत्येक पेल्यासाठी बारवाल्याला ब्लेंडर फिरवावा लागे. चव कधी अशी, कधी तशी, आणि शुक्रवारी रात्री रांग. यंत्र आल्यावर नळ ओढला की पेला भरतो. दारूवरची कमाई जेवणावरच्या कमाईपेक्षा नेहमीच जास्त असते. त्यातून मार्गारिटा हे पेय बीअर नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही आवडतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बायका नोकऱ्यांवरून सुटून मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला जाऊ लागल्या होत्या. या साखळ्यांचा बार त्यांच्या जिवावर चालला असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

तिसरी गोष्ट फुकटची: बसल्या बसल्या समोर येणारी चिप्सची टोपली आणि साल्साची वाटी. नव्या माणसाला वाटतं हा तोटा आहे. खानावळीत ताट येईपर्यंत समोर ठेवलेल्या पापडासारखं याचं काम असतं. किचनला दहा मिनिटं मिळतात, गिऱ्हाईक कुरकुरत नाही, आणि खारट चिप्स खाल्ल्या की दुसरं पेय मागवलं जातं. मक्याच्या चिप्स आणि टोमॅटोच्या साल्साचा खर्च त्या एका पेयातच निघून येतो. ही वाटी लक्षात ठेवा, पुढे तिचाच संबंध येणार आहे.

या तीन गोष्टींना ची-चीजने शिस्त जोडली. मुख्यालय केंटकीत लुईव्हिलला गेलं, म्हणजे तळलेल्या चिकनच्या सर्वात मोठ्या साखळीच्या गावात. मोजमाप, वेळा, तयारीचे तक्ते या गोष्टी फास्ट फूडच्या जगातून उचलून बसून जेवायच्या हॉटेलात आणणं तेव्हा नवीन होतं. हॉलही मोठाले असायचे, जाणीवपूर्वक. शनिवारी टेबल मिळायला ताटकळावं लागलं तर बारमध्ये बसा, मार्गारिटा घ्या. ओहायो, मिशिगन, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया असा कारखान्यांचा पट्टा त्यांनी पकडला. वाढदिवसाला वेटर टाळ्या पिटत यायचे, डोक्यावर भलीमोठी सोम्ब्रेरो ठेवायचे. आज कुणी नाक मुरडेल, पण त्या पट्ट्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या अमेरिकन माणसाला विचारा, लहानपणी मेक्सिकन म्हणून पहिल्यांदा काय खाल्लं. बहुतेक वेळा हेच नाव येतं.

मार्च 1995 मध्ये शाखा 210 होत्या. ची-चीजच्या वाढीबद्दल लिहिताना लोक हा आकडा कळस म्हणून सांगतात. माझ्या मते साखळीची घसरण त्याच्या आधीच सुरू झाली होती. शाखांची संख्या ही फार उशिरा खरं बोलणारी गोष्ट आहे. जुन्या शाखांतली विक्री घटत असतानाही नव्या उघडून आकडा फुगवता येतो. बघायचं ते एकाच शाखेत यंदा गेल्या वर्षीपेक्षा किती पानं उठली ते.

घसरण कशाने? मी मालकीपासून सुरू करतो.

1987 च्या सुमाराला साल्सा आणि इतर डबाबंद पदार्थांसाठी ची-चीजचं नाव हॉर्मेल या मिनेसोटातल्याच मांस कंपनीकडे गेलं. त्या क्षणी हा सौदा शहाणपणाचा वाटला असणार: हातात रोख पैसे, शिवाय दुकानादुकानांत नाव. पण बघा काय झालं. रेस्टॉरंटची सगळ्यात ओळखीची चव दोन-तीन डॉलरला घरी नेता येऊ लागली, आणि तिच्या विक्रीवर रेस्टॉरंटचा ताबा राहिला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साल्साची विक्री डॉलरमध्ये केचपच्या पुढे गेली. त्या लाटेचा फायदा बरणीवाल्यांना झाला. घराघरांत चिप्स-साल्सा रोजचा झाल्यावर त्यासाठी गाडी काढून मॉलपर्यंत जाण्याचं कारण संपलं.

1988 मध्ये साखळी फूडमेकरने घेतली. हे नाव ओळखीचं नसेल तर ‘जॅक इन द बॉक्स’ म्हणतो, त्याच बर्गर साखळीची ही मालक कंपनी. 1993 मध्ये जॅक इन द बॉक्सच्या अर्धवट भाजलेल्या बर्गरमधून ई. कोलायची मोठी साथ पसरली. सातशेच्या वर लोक आजारी पडले, चार मुलं गेली. फूडमेकरला आपली मुख्य साखळी वाचवायची होती. ची-चीज हे मग ओझं ठरलं आणि 1994 मध्ये ती फॅमिली रेस्टॉरंट्स या कंपनीकडे गेली. या कंपनीकडे कॅलिफोर्नियातली एल टोरिटो ही मेक्सिकन साखळी आणि नाश्त्याची हॉटेलं होती, आणि डोक्यावर भलंमोठं कर्ज. पुढे तिचं नाव प्रँडियम झालं. 2000 मध्ये प्रँडियमने एल टोरिटो विकून टाकली. भावंडांमधलं चांगलं कमावणारं विकलं आणि आजारी घरात ठेवलं. कर्ज फेडायचं तर जे विकलं जातं तेच विकावं लागतं, आजारी शाखांना गिऱ्हाईक कुठे मिळणार? 2002 मध्ये प्रँडियम स्वतःच दिवाळखोरीत गेली.

कर्जाचा हप्ता शाखेपर्यंत कसा पोहोचतो ते सांगतो, कारण हे बाहेरून दिसत नाही. मुख्यालयातून कुणी ‘खाणं वाईट करा’ असं कधी सांगत नाही. फक्त पगाराचा खर्च अर्ध्या टक्क्याने कमी करा असं येतं. मग दुपारच्या तयारीला एक माणूस कमी होतो. सकाळी चिरायचं ते आदल्या दिवशी चिरलं जातं. ताजा साल्सा दिवसाला एकदा व्हायचा तो मोठ्या पातेल्यात करून दोन-तीन दिवस चालवला जातो. गालिचा यंदा बदलायचा नाही, खुर्च्यांची गादी पुढच्या वर्षी. वेटरचा पगार तर तसाही नावाला असतो. टिप मिळणाऱ्या नोकरांचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून आजतागायत ताशी 2.13 डॉलर आहे. त्यामुळे काटछाट येते ती किचनवर. यातला एकही निर्णय एकट्याने साखळी बुडवत नाही. पण पाच वर्षांनी गिऱ्हाईक म्हणतं, ‘पूर्वीसारखं राहिलं नाही,’ आणि नेमकं काय बदललं ते त्यालाही सांगता येत नाही.

दरम्यान गिऱ्हाईकही बदललं होतं. 1975 ला मिनेसोटात किंवा ओहायोत तुलना करायला दुसरं काही नव्हतं. नव्वदच्या दशकात मेक्सिकोतून आलेली कुटुंबं उत्तरेकडच्या गावागावांत वसली. कुणी मांसाच्या कारखान्यात, कुणी बांधकामावर, आणि त्यातल्या काहींनी छोटी रेस्टॉरंट्स काढली. तिथे घरचीच माणसं राबायची, भाडं कमी, टॉर्टिया गरम, आणि दुपारचं जेवण ची-चीजपेक्षा स्वस्त. दुसऱ्या बाजूने चिलीज, ऑन द बॉर्डर, डॉन पाब्लोज अशा साखळ्या फाहिताचे (भाजलेल्या मांसाच्या पट्ट्यांचे) चरचरते तवे घेऊन आल्या. (चिलीजही 1975 चीच, डॅलसची. पुढे ती अगदी पवईपर्यंत पोहोचली.) आणि तिसरीकडून 1993 ला डेन्व्हरमध्ये चिपोटले सुरू झालं: वेटर नाही, टिप नाही, डोळ्यांसमोर बरीटो बांधून मिळते, दहा मिनिटांत बाहेर. वरून अस्सल आणि स्वस्त, खालून झटपट आणि ताजं, मधोमध ची-चीज. तिची पिवळ्या चीजची ताटं आता कुणालाच परदेशी वाटत नव्हती.

शिवाय जागा. शाखा मॉलच्या आवारात, भाडेकरार लांब मुदतीचे. कारखाने बंद पडलेल्या गावांतले मॉल ओस पडू लागले तरी भाडं चालूच. पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गच्या वायव्येला बीव्हर परगणा आहे, पोलादाच्या गिरण्यांचा. त्या गिरण्या ऐंशीच्या दशकात मोडल्या. तिथल्या मोनाका गावात बीव्हर व्हॅली मॉल आणि त्याला लागून ची-चीज. साथ पसरली ती याच शाखेतून.

आता तारखा.

3 ते 6 ऑक्टोबर 2003 या चार दिवसांत त्या शाखेत जेवलेल्यांना सर्वाधिक लागण झाली. 8 ऑक्टोबरला ची-चीजने दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली, म्हणजे धंदा चालू ठेवून देणेकऱ्यांपासून संरक्षण मागणारा, अर्ज केला. हिपॅटायटिस ‘ए’ हा काविळीचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला पंधरा ते पन्नास दिवस लागतात, सरासरी महिनाभर. म्हणजे वकील अर्ज लिहीत होते तेव्हा विषाणू शेकडो लोकांच्या पोटात होता आणि पृथ्वीवर कुणालाच त्याची कल्पना नव्हती. बातमी फुटली नोव्हेंबरच्या सुरुवातीला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. उलटा तर अजिबात नव्हता.

तपास उत्तम झाला, त्याबद्दल पेनसिल्व्हेनियाच्या आरोग्य खात्याचं आणि केंद्रीय रोग नियंत्रण केंद्राचं कौतुक करायला हवं. अशा साथीत पहिला संशय नेहमी किचनमधल्या माणसावर जातो: कुणीतरी आजारी होता, हात न धुता अन्नाला लावले. इथे किचनमधली माणसंही आजारी होती, पण ती गिऱ्हाइकांच्या बरोबरीनेच आजारी पडली होती. म्हणजे तीही त्याच अन्नाची बळी. मग आजारी आणि निरोगी गिऱ्हाइकांना काय काय खाल्लं ते विचारत गेले. 240 रुग्णांपैकी 218 जणांनी कमी तिखट साल्सा खाल्ला होता. निरोगी राहिलेल्या 130 जणांत असे फक्त 45. त्या साल्सात कच्ची पात होती. चीजच्या पातळ क्वेसोतही होती. पातीचा समावेश असलेला कुठला ना कुठला पदार्थ खाल्लेले रुग्णांत 98 टक्के निघाले.

साल्साची वाटी फुकट असते आणि प्रत्येक टेबलावर जाते, हे वर सांगितलं. एखाद्या महाग पदार्थात दूषित माल गेला असता तर दहा-वीस लोक आजारी पडले असते. मालकाची सगळ्यात हुशार कल्पनाच इथे पसरण्याचं साधन झाली.

पात मेक्सिकोतून आलेली होती. विषाणूचे नमुने त्याच भागातल्या रुग्णांशी जुळले. कांद्याची पात या बाबतीत फार वाईट. काढणी, सोलणी, जुडी बांधणं, सगळं हाताने. पानांच्या थरांत पाणी आणि माती अडकते, वरून धुऊन आतलं निघत नाही. किचनमध्ये जुड्या बर्फाच्या बादल्यांत उभ्या ठेवत. एका दूषित जुडीचं पाणी मग बाकीच्यांना लागतं. लोकांचा इथे एक गैरसमज असतो की थंड ठेवलं म्हणजे सुरक्षित. जिवाणूंच्या बाबतीत थंडीने वाढ मंदावते. हा विषाणू अन्नात मुळात वाढतच नाही, तो नुसता टिकतो, आणि थंडीत छान टिकतो. टोमॅटोच्या आंबटपणानेही तो मरत नाही. उष्णताच हवी, 85 अंशांच्या आसपास. कच्च्या साल्साला ती कुठून मिळणार? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेनेसी, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिनात पातीमुळेच लहान साथी येऊन गेल्या होत्या. अन्न व औषध प्रशासनाचा सार्वजनिक इशारा आला 15 नोव्हेंबरला.

वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अहवालात 601 रुग्ण आणि 3 मृत्यू नोंदले आहेत. पुढच्या मोजणीत रुग्ण 660 च्या आसपास आणि मृत्यू किमान चार झाले. नऊ हजारांहून जास्त लोकांना प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं द्यावी लागली. एका परगण्यातल्या एका शाखेतून एवढं. अमेरिकेत अशी एकाच ठिकाणाहून पसरलेली हिपॅटायटिस ‘ए’ची एवढी मोठी साथ तोवर झाली नव्हती.

मग एवढं झाल्यावर साखळी कशी वाचणार, असं तुम्ही म्हणाल. माझं उत्तर: इतर वाचल्याच की. जॅक इन द बॉक्स आजही चालू आहे. लहान मुलांच्या मृत्यूहून वाईट बदनामी कुठली? त्यांनी अन्नसुरक्षेचा तज्ज्ञ आणला, शेतापासून तव्यापर्यंत धोक्याच्या जागा तपासण्याची पद्धत उभी केली, आणि त्यासाठी पैसा ओतला. काही पैसा ची-चीज विकून आला असेल, ही यातली कडू गंमत. चिपोटले तर आपल्या डोळ्यांदेखतचं. 2015 मध्ये ई. कोलाय, नोरोव्हायरस, एकामागून एक. डिसेंबरमध्ये जुन्या शाखांची विक्री 30 टक्क्यांनी पडली. फेब्रुवारी 2016 मध्ये त्यांनी देशभरातल्या शाखा काही तास बंद ठेवून नोकरांना एकत्र बसवलं, माल तपासण्याची पद्धत बदलली. 2020 मध्ये अडीच कोटी डॉलरचा फौजदारी दंडही भरला. तरी उभं राहिलं, कारण डोक्यावर कर्ज नव्हतं आणि गल्ल्यात रोकड होती. वर्षभर तोटा सोसायची ताकद होती. ची-चीजकडे एक महिनाही सोसायची नव्हती. त्याच 2003 मध्ये कॅलिफोर्नियातली शेवीज ही मेक्सिकन साखळीही दिवाळखोरीत गेली, आणि तिथे कावीळ वगैरे काही नव्हतं. मार्च 2025 मध्ये ऑन द बॉर्डर गेली, तीही साथीशिवाय.

पातीने एक मात्र नक्की केलं. अकराव्या प्रकरणाखालचा अर्ज म्हणजे मृत्युपत्र नसतं. तोट्यातल्या शाखा बंद करून, भाडेकरार मोडून, उरलेल्या तीस-चाळीस चालवता आल्या असत्या. अमेरिकेत कितीतरी साखळ्या अशा लहान होऊन जगल्या आहेत. साथीनंतर तो रस्ता बंद झाला. नाव घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. ऑगस्ट 2004 मध्ये आउटबॅक स्टेकहाउसने 4 कोटी 25 लाख डॉलरला 76 जागांचे हक्क घेतले. नाव नको, पाककृती नकोत, फक्त जागा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उरलेल्या 65 शाखा एकदम बंद झाल्या. युरोपातल्या आणि आखातातल्या काही परवानाधारक शाखा त्यानंतरही चालू राहिल्या, कारण त्यांची पात पेनसिल्व्हेनियातल्या त्या शाखेची नव्हती आणि कर्ज प्रँडियमचं नव्हतं.

डिसेंबर 2024 मध्ये मार्नो मॅकडरमॉट यांचे चिरंजीव मायकल यांनी हॉर्मेलशी करार करून हे नाव पुन्हा रेस्टॉरंटवर लावायची घोषणा केली. 2025 मध्ये मिनिआपोलिसजवळच्याच सेंट लुई पार्कमध्ये नवी ची-चीज उघडलीही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणींवर वर्ष-दोन वर्षं गर्दी होईल, त्याबद्दल मला शंका नाही. पण या वेळी नावाचा मालक दुसराच आहे आणि शेजारच्या चौकात खरी टाकेरिया, म्हणजे टाकोचं साधं मेक्सिकन दुकान, आहे. मी त्यांच्या जागी असतो तर निदान पाच वर्षं शाखा मोजक्या ठेवल्या असत्या, बँकेच्या दारात गेलो नसतो, आणि पात शिजवूनच वापरली असती.